जामीनदाराचे न्यायालय

बँकेतील सेवाकाळात मी अनेक माउलींना कर्जाच्या कागदांवर सही करताना पाहिले. मुलगा बोट दाखवी तेथे त्या सही करीत, वाचीत नसत. त्या सहीने त्या मुलाच्या कंपनीच्या वैयक्तिक जामीनदार होत.

पूर्वी नादारीचा अर्ज मुंबईकराने १९०९ च्या कायद्यान्वये उच्च न्यायालयात, तर सांगलीकराने १९२० च्या कायद्यान्वये जिल्हा न्यायालयात करावयाचा. १ डिसेंबर २०१९ पासून मात्र कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू झाली. तिच्या कलम ६० प्रमाणे कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या ज्या पीठापुढे असेल, तेथेच जामीनदाराचे जाते; अन्यत्र आधीपासून चालू असलेले नादारीचे प्रकरणही तेथे वर्ग होते. पीठ ठरते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून. ते कोलकात्यात असेल, तर सांगलीच्या आजींचे प्रकरण कोलकात्यास!

एकाच कर्जाचा हिशेब दोन ठिकाणी होऊ नये, हा त्यामागील हेतू. बँकेचा माणूस म्हणून तो मला पटतो; आजींच्या बाजूने पाहता तितकासा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी जामीनदारांना संहिता लागू करणे वैध ठरविले. कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली, एवढ्याने जामीनदार आपोआप मुक्त होत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केले.

घरी मागणीची नोटीस आल्यास ती कपाटात ठेवू नये. ती बजावल्यापासून १४ दिवसांत रक्कम न भरल्यास धनकोला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.