दगडफूल : नाव आणि ओळख

गोड्या मसाल्यातील दगडफूल आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कन्नडमध्येही त्यास ‘कल्लुहूवु’, म्हणजे दगडाचे फूलच म्हणतात. कंग्राळीसारख्या सीमेवरील गावात दोन्ही शब्द सहज कानी पडावेत. नाव मोठे गोड, परंतु ते फूल नव्हे. आणि बाजारातील बराचसा माल तर झाडांच्या सालीवरून काढलेला असतो! शास्त्रीय परिभाषेत हे शैवाक, म्हणजे कवक व शैवल यांचे सहजीवन होय. १८६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी हे मांडले, तेव्हा तज्ज्ञांनीच त्यास कडाडून विरोध केला.

कातळावरील शैवाक पाहताना प्रथम त्याची कड पाहावी. दगडाचा कपचा काढल्यावाचून ते निघत नसेल, तर कवचरूप. झुडपासारखे उभे वा लोंबते असेल, तर क्षुपरूप. कड सुटी आणि वरची व खालची बाजू निरनिराळी असेल, तरच ते पर्णरूप. पर्णरूपांतही पार्मोट्रेमाचे खंड रुंद, तळाशी कडेलगतचा पट्टा तंतुविरहित. झँथोपार्मेलियाचे खंड अरुंद. पूर्वी ही दोन्ही पार्मेलिया या एकाच प्रजातीत गणली जात. डर्मॅटोकार्पन मात्र सामान्यतः मध्यावरील एकाच देठाने दगडास धरून असते.

जात ठरविण्यास डोळे पुरत नाहीत. पोटॅशच्या थेंबाने काही जाती पिवळ्या होऊन मग लाल होतात, काहींवर परिणामच होत नाही. ही कसोटी निलांडर यांनी १८६६ मध्ये रूढ केली.

नमुना घेताना शैवाक आधी ओले करावे, म्हणजे ते चुरत नाही. कडेचा बोटभर तुकडा पुरे. त्याची वाढ वर्षाकाठी काही मिलिमीटरच असते.