नाडी : वस्त्राची आणि देहाची

शिरूर-दौंडकडे परकर बांधतात तीही नाडी आणि वैद्य पाहतो तीही नाडी. विद्युद्वाहक वस्त्राने या दोन अर्थांची गाठ घातली आहे. चांदीचा मुलामा दिलेले सूत लवचिक पट्ट्यात विणले असता श्वासागणिक छाती फुगून टाके ताणले जातात व सुताचा विद्युत्‌रोध बदलतो. त्यावरून श्वास मोजता येतात. त्वचेला टेकलेले तसलेच कापड हृदयाचे विद्युत्‌स्पंदन टिपते. मात्र दौंडच्या फडात मोळी उचलणाऱ्या स्त्रीच्या अंगावर, ताण श्वासाचा की हालचालीचा, हे केवळ त्या पट्ट्यास उमगत नाही. शिवाय धुण्याने मुलामा झिजतो. या मर्यादा तिला समजावून द्यावयाच्या, तर ‘संवेदक’ हा शब्द परकाच. श्वासाचा पट्टा नाडी पाहत नाही हे मान्य करूनही मी ‘नाडीपट्टा’ सुचवितो.