कापसाची सीमा आणि भोकरची पेठ

हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्यातील व्यापाराची गोष्ट निघाली की भोकरच्या पेठेतील मंडळी तो अमृतसर-कराचीकडील प्रश्न समजून पान उलटतात. ही समजूत आम्हांस मान्य नाही. ज्या तालुक्यात मृग लागताच सरकी टोबली जाते, त्यास कापसाचे एखादे गिऱ्हाईक तुटले काय नि जोडले काय, ही वार्ता परकी कशी असेल?

१९४७ साली फाळणी झाली तेव्हा गिरण्या मुंबई-अहमदाबादेस राहिल्या आणि लांब धाग्याचा पुष्कळ कापूस सिंध व पश्चिम पंजाबात गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये आपल्या सरकारने रुपयाचे मोल उतरविले, पाकिस्तानने उतरविले नाही. तेवढ्यावरून उभयतांचा व्यापार जवळजवळ ठप्प झाला, तो फेब्रुवारी १९५१ च्या करारापर्यंत. त्या काळी याचक आपला देश होता. पुढे पारडे फिरले. नांदेडच्या संशोधन केंद्रातून निघालेले ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्याने उचलले, २००२ नंतर बीटी बियाणे आले, आणि तोच शेजारी आपल्या गाठींचे मोठे गिऱ्हाईक बनला.

२०१९ मध्ये हे गिऱ्हाईक तुटले. फेब्रुवारीत आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसविली. ऑगस्टात त्यांनी व्यापारच थांबविला. ३१ मार्च २०२१ रोजी तेथील अर्थमंत्र्यांनी हिंदी कापूस घेण्याचे जाहीर केले, दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ते फिरविले. गरज त्यांची नि नकारही त्यांचाच! एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा दरवाजाही मिटला.

देशाच्या रक्षणापुढे व्यापाराने मान लवविली पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो आपल्याच हाती असलेल्या गोष्टींचा. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात कर तात्पुरता उठविला, तेव्हा भोकरच्या रानात पीक उभे होते. मोठा व्यापारी अशी बातमी तासाभरात ऐकून खरेदीचा हात आवरतो; पहिल्या वेचणीचा माल आणणाऱ्या कुणब्यास ती काट्यावर, दरातूनच कळते. माल घरी ठेवावा, तर बियाण्या-खताची उधारी दारात उभी.

म्हणून कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण मृगापूर्वी जाहीर व्हावे व वेचणी संपेपर्यंत ते मोडू नये, अशी मागणी व्यापारी व शेतकरी यांनी एकत्र येऊन करावी. तोवर बाजार समितीने आयात कराचे व हमीभावाचे ताजे आकडे मोठ्या मराठी अक्षरांत फळ्यावर लिहावेत. त्यास दिल्लीची परवानगी लागत नाही.