खापरांचा खजिना

भरती ओसरू लागली म्हणजे आम्ही चौल-रेवदंड्याच्या खाडीकाठी खजिना शोधावयास निघतो. घड्याळाआधी पंचांग पाहावे लागते. कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सकाळी नवाला ओहोटी. तेवढ्या वेळात काठ चालून घ्यावयाचा.

या खजिन्यात सोने नाही, हे आधीच सांगितलेले बरे. फुटकी खापरे आहेत. पण ती कोठली आहेत, हे पाहा. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथल्या या बंदराला कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' म्हटले आहे, ग्रीक नाविकांनी 'सेमुल्ला', अरबांनी 'सैमूर'. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदी येथे आला. 1469 साली रशियाचा निकितीन याच बंदरात उतरला. पुढे पोर्तुगीज आले आणि 1740 साली मराठ्यांना ठाणे देऊन गेले. एवढ्या काळात किती गलबतांतून किती भांडी उतरली आणि त्यांतली किती धक्क्यावरच फुटली असतील! फुटलेले भांडे कोणी घरी नेत नाही. ते तेथेच चिखलात राहते. पुराच्या पाण्याने काठ ढासळला की वर येते.

खापर ओळखावयाचे ते तुटलेल्या कडेवरून. कड पांढरीशुभ्र, दाणा न दिसणारी, आणि निळी नक्षी चकाकीच्या खाली असेल, तर चिनी मातीकडे लक्ष द्यावे. अंग पिवळसर, मऊ, वर हिरवा-निळा काचलेप असेल, तर इराण-इराककडचे असण्याचा संभव अधिक. आतून काळे, डांबर फासल्यासारखे असेल, तर फार जपून पाहावे. इराक-इराणकडचे लांबट रांजण पाझरू नयेत म्हणून आतून खरोखरच डांबराने लिंपीत. भारतात सापडलेली अशी कित्येक खापरे आधी रोमन समजली गेली होती. रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने ती या रांजणांची असल्याचे दाखवून दिले. एका काळ्या लेपाने व्यापाराची दिशा बदलली, असे म्हटले तरी चालेल. (आमच्यातले एक गृहस्थ निळी नक्षी पाहून फार हर्षले होते. तुकडा उलटा केला, तर खाली 'जपान' असे छापलेले!)

एवढे ओळखता आले की तुकडा खिशात घालण्याचा मोह होतो. तेथेच सारे बिघडते. खापराला किंमत आहे ती त्याच्या जागेमुळे. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल, हे ठाऊक असेल तोवर ते बोलते. कपाटात ठेवले की मुके होते. सोन्याच्या आशेने जुन्या भिंतींच्या पायथ्याशी खणणारे तर याहून मोठे नुकसान करतात. त्यांना बहुधा काहीच मिळत नाही, आणि थर मात्र कालवले जातात ते कायमचे. या शतकाच्या पहिल्या दशकात डॉ. विश्वास गोगटे यांच्या पुढाकाराने डेक्कन कॉलेजने चौलला उत्खनन केले आणि वस्ती सातवाहनकाळापर्यंत मागे नेली. थर जागेवर होते म्हणूनच ते शक्य झाले.

कायदाही स्पष्ट आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली तर कलेक्टरला कळवावे, असे 1878 चा निखात-निधी कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे. खापराला दहा रुपये कोण देईल, असे कोणी विचारतो. आम्ही त्यावर वाद घालीत नाही. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतो, जवळची खूण वहीत टिपतो, आणि खापर जसे होते तसे, त्याच कुशीवर, चिखलात ठेवतो. तोवर पाणी घोट्यापर्यंत आलेले असते.