लिनक्स संगणकातील एसएसडीची झीज : ग्रामीण महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविणे आणि त्यावर उबुंटू, डेबियन अथवा सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली स्थापित करणे, हा अल्प खर्चात संगणकाचे आयुष्य वाढविण्याचा मार्ग आता सर्वपरिचित झाला आहे. वारंवार लेखन झाल्यास एसएसडी झिजते, ही माहितीही त्याबरोबरच सर्वत्र पोहोचली आहे. परिणामी प्रणाली स्थापित करतानाच लेखन कमी करण्याचे अनेक उपाय सरसकट योजले जातात. प्रस्तुत लेखात या झिजेचे स्वरूप स्पष्ट करून, मांजरसुंब्यासारख्या ग्रामीण भागात, जेथे वीजपुरवठा केव्हाही खंडित होऊ शकतो, तेथे यांपैकी कोणते उपाय स्वीकारावेत व कोणते टाळावेत याचे विवेचन केले आहे. अंतर्गत गुणांच्या याद्या, प्रवेशाच्या नोंदी, संशोधनाची सामग्री हे सर्व याच यंत्रांवर असल्याने हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित नाही.

झिजेचे स्वरूप :

एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली नॅन्ड फ्लॅश स्मृती हा तिचा गाभा होय. या स्मृतीच्या प्रत्येक पेशीत विद्युतभार साठविला जातो व भोवतीचा अत्यंत पातळ विसंवाहक थर तो धरून ठेवतो. लिहिताना व पुसताना इलेक्ट्रॉन या थरातून बलपूर्वक पार केले जातात आणि दर वेळी थराची किंचित हानी होते. हीच झीज. वाचनाने ती जवळजवळ होत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. लेखन लहान 'पानां'वर होत असले तरी पुसणे मात्र अनेक पानांच्या संपूर्ण 'ठोकळ्या'चेच करावे लागते. पाटीवरील एकच शब्द पुसता येत नाही, संपूर्ण पाटीच पुसावी लागते, अशी कल्पना केल्यास हे ध्यानात येईल. उपयोगाची पाने अन्यत्र उतरवून मगच ठोकळा मोकळा करता येतो. म्हणून प्रणालीने जेवढे लिहिण्यास सांगितले त्याहून अधिक लेखन प्रत्यक्षात घडते. एकच ठोकळा वारंवार झिजू नये म्हणून एसएसडीतील नियंत्रक लेखन सर्वत्र विभागून टाकतो. एका पेशीत एकच बिट साठविणारी जुनी फ्लॅश सुमारे १ लाख वेळा लिहिता-पुसता येई. आज सर्रास मिळणारी तीन बिटांची फ्लॅश साधारणतः १ ते ३ हजार वेळाच टिकते. भीतीचे मूळ या आकड्यात आहे.

मात्र आकडा गणितात घालून पाहिला पाहिजे. २४० जीबीच्या स्वस्त एसएसडीला उत्पादक सामान्यतः ८० टेराबाइट लेखनाची मर्यादा देतात. प्रयोगशाळेतील संगणकावर रोज १० जीबी लेखन झाले असे मानले, तरी ही मर्यादा गाठण्यास ८,००० दिवस, म्हणजे सुमारे २२ वर्षे लागतील. तोवर त्या संगणकाचा मदरबोर्ड टिकेल काय, हा प्रश्न अधिक रास्त ठरावा!

निर्धोक उपाय :

पूर्वी सांगितले जाणारे काही उपाय आता करावेच लागत नाहीत. फाइल केवळ वाचली तरी वाचनाची वेळ नोंदविण्याची लिनक्सची सवय २००९ मधील २.६.३० या कर्नेलपासून 'रिलेटाइम' या पर्यायाने बरीच आटोक्यात आली. ती पूर्णतः बंद करावयाची असल्यास 'नोएटाइम' हा पर्याय द्यावा. त्यात धोका नाही. विभाजनांची योग्य जुळणी आजचे स्थापना-प्रोग्राम स्वतःच करतात.

'ट्रिम'कडे मात्र लक्ष द्यावे. पुसलेल्या फाइलची जागा रिकामी झाल्याचे नियंत्रकाला त्यातून कळते, अन्यथा तो निरुपयोगी पानेही उतरवीत बसतो. 'एफस्ट्रिम' हा आदेश आठवड्यातून एकदा चालणे पुरेसे असते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तशी व्यवस्था आधीच असते, इतरत्र ती चालू आहे की नाही हे तपासून घ्यावे. तसेच सुमारे दहा टक्के जागा मोकळी राखावी. ४ जीबी रॅमच्या संगणकात स्वॅपचे लेखन खरोखर जास्त होते. तेथे रॅमचाच काही भाग संक्षिप्त करून स्वॅप म्हणून वापरणारी 'झेडरॅम' ही सोय उत्तम. स्वॅप पूर्णतः काढून टाकल्यास रॅम संपताच कर्नेल एखादा चालू प्रोग्राम बंद पाडतो आणि विद्यार्थ्याचे न साठविलेले काम त्याबरोबर जाते.

झीज वाचते, काम जाते :

एक्स्ट४ ही फाइलप्रणाली साधारण दर ५ सेकंदांनी आपल्या नोंदी एसएसडीवर पक्क्या करते. हा अवधी १० मिनिटांपर्यंत वाढवावा असे सुचविले जाते. लेखन त्यामुळे काहीसे घटते हे खरे; परंतु या अवधीत वीज गेली तर तेवढ्या वेळातील काम नष्ट होऊ शकते. काही प्रोग्राम साठविताना लेखन तत्काळ पूर्ण करवून घेतात, त्यांना याची झळ बसत नाही. पण सर्वच प्रोग्राम तसे वागत नाहीत. फाइलप्रणालीचे जर्नल बंद करणे त्याहूनही घातक, कारण अर्धवट लेखनानंतर फाइलप्रणाली पूर्ववत करण्याचा आधारच तो असतो. प्रणालीच्या नोंदवह्या रॅममध्ये ठेवल्यास संगणक अचानक का बंद पडला याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. तात्पुरत्या फाइलींची निर्देशिका रॅममध्ये ठेवणे हे तुलनेने सौम्य आहे. डेबियन १३ ने २०२५ मध्ये ते मूळ व्यवस्थेतच स्वीकारले. तथापि ४ जीबीच्या यंत्रावर प्रस्तुत लेखक ते सुचविणार नाही.

वीज जाण्याचा आघात खुद्द एसएसडीवरही होतो. ओहायो स्टेट विद्यापीठ व एचपी लॅब्ज यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ एसएसडींचा वीजपुरवठा मुद्दाम तोडून चाचणी घेतली, तेव्हा १३ एसएसडींमध्ये दोष आढळले. सामान्य ग्राहकांसाठीच्या एसएसडीत वीज गेल्यावर अपुरे लेखन पूर्ण करण्यास पुरेशी ऊर्जा साठविणारे कपॅसिटर बहुधा नसतात. सबब, आपल्या भागात एसएसडीच्या आयुष्यासाठी हाती असलेला निधी प्रथम यूपीएसच्या बॅटरीवर खर्च करणे उचित होय.

उन्हाळी सुटी व मोजमाप :

जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनमर्यादा पूर्ण वापरली गेलेल्या ग्राहकवर्गीय एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सिअस तापमानात १ वर्ष माहिती राखणे अपेक्षित आहे. तापमान वाढले की हा काळ घटतो. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. नव्या एसएसडीस याची चिंता नाही. पण बरीच वापरून काढलेली एसएसडी कपाटात ठेवून तीच जुन्या नोंदींची एकमेव प्रत मानणे योग्य नव्हे.

झीज किती झाली हे अनुमानाने ठरविण्याचे कारण नाही. 'स्मार्टसीटीएल' हा आदेश एकूण लेखन दाखवितो. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत लेखनाचे एक एकक ५,१२,००० बाइटांचे असते आणि वापरलेल्या आयुष्याची टक्केवारीही दिसते. प्रत्येक सत्राच्या प्रारंभी व अखेरीस हा आकडा डेडस्टॉक रजिस्टरमधील त्या यंत्राच्या नोंदीसमोर लिहून ठेवावा. दोन आकड्यांतील फरकास दिवसांच्या संख्येने भागले की रोजचे लेखन मिळते, आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपैकी जे उरले असेल त्यास या रोजच्या लेखनाने भागले की उरलेले दिवस.