घर रंगवण्यापूर्वी : आधी भिंत, मग रंग, मग कुंचा

पोळा सरतो. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. मग गणपती-महालक्ष्म्या येऊन जातात, पितृपक्ष संपतो, पाऊस पाय काढता घेतो, आणि घरोघरी एकच विषय निघतो : यंदा घर रंगवायचे.

पांढुर्णा आणि सौंसर हा आमचा संत्र्या-कापसाचा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातले हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कागदावरची भाषा हिंदी असली तरी घरातली मराठी सुटली नाही. दुकानात ‘पुताई’चे सामान मागणारी आमची बाई घरी आल्यावर भिंती ‘पोतारते’ ती अजूनही मराठीतच.

हे काम पूर्वी ठरलेल्या हातांचे होते. मातीच्या भिंती घरच्या बायका पोतारीत. चुन्याचे काम गावातला ओळखीचा गडी करून जाई. आता ते हात थकले, पुढची पिढी नागपूर-भोपाळला गेली, मजुरीही वाढली. त्यामुळे अनेक कुटुंबे पहिल्यांदाच स्वतः कुंचा हाती घेण्याचे मनावर घेतात आणि दुकानात जाऊन विचारतात, “रंगाचे सामान काय काय लागेल?” आमच्या मते इथेच पहिली चूक होते. सामान काय लागेल, हे दुकानदार सांगू शकत नाही. ते भिंत सांगते.

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. सौंसर तालुक्यातल्या आमच्या वडिलार्जित घराच्या मागच्या दोन खोल्या मातीच्या. एका वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही त्यांना धुता येणारा चकचकीत प्लास्टिक रंग दिला. दिवाळीत भिंती आरशासारख्या दिसल्या. पुढच्या आषाढात त्यांना फोड आले, श्रावणात पापुद्रे सुटले, आणि पापुद्र्यांबरोबर आजीने लिंपलेली मातीही ढेकळाढेकळांनी खाली आली. आईने काही न बोलता ती माती सुपात गोळा केली. तिचे ते न बोलणे आम्हांला फार लागले.

कारण साधे होते. मातीची आणि चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि हवेत सोडून देते. तिच्यावर प्लास्टिक रंगाचा पडदा बसला की ओलीची वाट बंद होते; मग ती रंगालाच ढकलून बाहेर पडते.

भिंतीची परीक्षा

म्हणून खरेदीच्या आदल्या दिवशी घरातच तीन परीक्षा कराव्यात. भिंतीवरून तळहात फिरवावा. हात पांढरा झाला तर वर जुना चुना आहे. मग पाण्याचा एक थेंब लावून पाहावा. तो लगेच शोषला गेला तर भिंत चुन्याची किंवा मातीची, ओघळून गेला तर वर तैलरंगाचा थर असण्याचा संभव. शेवटी हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दिवसभर ठेवावा; आतल्या बाजूला दव जमले तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीला कोणताही रंग देऊ नये. आधी गळके कौल, फुटका नळ, पन्हळ यांचा बंदोबस्त करावा.

खोलीचे मापही याच दिवशी घ्यावे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीच्या चार भिंती ४०० चौरस फूट होतात. दार-खिडक्यांचे सुमारे ५० वजा केले तर ३५० उरतात, आणि दोन हातांचे ७०० होतात. एका लिटरमध्ये किती जागा रंगते ते डब्यावर छापलेले असते. त्याने भागले की हिशेब निघतो.

प्रत्येक रंगाचे हत्यार वेगळे

मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा हात द्यायचा असेल तर सुती कापडाच्या पोतेऱ्यासारखे हत्यार नाही. ते भिंतीच्या उंचसखलपणावर आपोआप वळते आणि कोपऱ्यात बोट जाईल तिथे जाते. हे ज्ञान आमच्या आज्यांचे आहे. त्यांनी कधी ब्रश विकत घेतला नाही आणि कधी भिंतही बिघडवली नाही.

चुन्याला वनस्पतीच्या धाग्यांचा जाड कुंचा घ्यावा. चुना हा तीव्र अल्कली आहे. डुकराच्या केसांचा उत्तम ब्रश त्यात बुडवला तर ते केस मऊ पडून झिजतात, कारण केस हे प्रथिनांचे असतात आणि अल्कली प्रथिने खाते. वाखाच्या धाग्याला तो त्रास फारसा होत नाही. महागाचा ब्रश चुन्यात घालणे म्हणजे पैठणी राखेने घासणे.

विरवून थंड झालेल्या चुन्याची बादली प्लास्टिकची असावी. ॲल्युमिनियमचे पातेले चुना खातो. कळीचा चुना विरवताना आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात चुना थोडाथोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळून अंगावर उडतो. रात्रभर मुरू द्यावा, फडक्यातून गाळावा, दुधाइतका पातळ करून डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी. भिंत पाण्याने ओली करून एक हात उभा आणि पुढचा आडवा द्यावा.

सिमेंटच्या गिलाव्यावर पाण्याचा रंग, म्हणजे डिस्टेंपर किंवा इमल्शन, द्यायचा असेल तर नायलॉन-पॉलिस्टरच्या धाग्यांचा ब्रश आणि रोलर घ्यावा. नैसर्गिक केस पाणी पितात आणि फुगून लुळे पडतात. कृत्रिम धागा ताठ राहतो. नऊ इंची रोलर घरच्या कामाला पुरतो. गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा, खडबडीत भिंतीला लांब लवेचा, एवढे लक्षात ठेवावे. रोलरच्या दांड्यात बांबू बसवला तर छतासाठी शिडी चढावी लागत नाही. लांबी भरायला पोलादी पट्टी आणि घासायला सँडपेपर लागतो : आधी ८० ते १२० नंबरचा, शेवटी १८० ते २२० चा.

दारे, खिडक्या, गज यांच्या तैलरंगाला मात्र खऱ्या केसांचा ब्रश शोभतो. तो रंग धरून ठेवतो आणि ओघळ न येता सोडतो. दोन इंची एक आणि गजांसाठी एक इंची एक, एवढे पुरे.

दुकानात उभे राहिल्यावर

आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळसे ब्रश उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातील शेरकोटचे असतात. ते गावच ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे. पण गावाच्या नावावर न जाता ब्रश हाती घेऊन पाहावा. केस ओढून पाहावेत. एक-दोन निघाले तर हरकत नाही, मूठभर निघाले तर तो परत ठेवावा. तळहातावर दाबून सोडल्यावर तो सरळ उभा राहिला पाहिजे. केसांची टोके बारीक फाटलेली असली तर तो दोष नव्हे, गुण आहे. तशीच टोके रंग जास्त धरतात. केस फाकवून आत डोकावावे. मधली लाकडी पाचर फार जाड असेल तर ब्रश बाहेरून भरगच्च आणि आतून पोकळ आहे, असे समजावे. पत्र्याची पकड हलता कामा नये.

पैसे कमी असतील तर रोलर साधा घ्यावा, ब्रश मात्र चांगला घ्यावा. स्वस्त ब्रशचे केस भिंतीवर चिकटून वाळतात आणि वर्षभर रोज दिसतात.

बागेतले सामान बागेतच

आमच्या भागातल्या संत्रा-बागाईतदारांना एक कळकळीची विनंती आहे. झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावायचा ब्रश आपल्या प्रत्येकाच्या कोठीत असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे माप आपल्याला पाठ आहे. म्हणून चुना हाताळण्याची भीती नसते. परंतु तो ब्रश घरात आणू नये. त्यातली निळाई भिंतीवर उतरते. आणि फवारणीचा पंप तर मुळीच आणू नये. पंपाने चुना झटपट उडवता येतो, हे खरे. पण ज्या पंपातून कीटकनाशके गेली तो कितीही धुतला तरी त्याची खात्री देता येत नाही. ज्या खोलीत पाळणा टांगलेला असतो, तिथे त्याचे काम नाही.

दुसरी गोष्ट जुन्या दारांची. आपल्याकडे सागवानी दारांवर पिढ्यान् पिढ्या तैलरंगाचे थर चढत आले. जुन्या तैलरंगांत, विशेषतः भडक पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे असे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे दार कोरडे घासले तर शिशाची धूळ घरभर पसरते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. म्हणून जुने दार पाण्याचा सँडपेपर वापरून ओलेच घासावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, पोरांना आणि गर्भवती सुनेला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे, आणि पडलेला चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्यावा; झाडू मारू नये.

सामानाच्या यादीत रबरी हातमोजे आणि डोळ्यांवरचा साधा चष्मा सर्वांत वर लिहावा. चुना डोळ्यांत उडाला तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि तडक डॉक्टरांकडे जावे. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर उंचीच्या दर चार फुटांमागे तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर असावा. आणि खाली धरायला माणूस नसेल तर चढू नये, मग तो कोपरा राहिला तरी चालेल.

काम झाल्यावर

पाण्याच्या रंगाचा ब्रश लगेच साबणाने, तैलरंगाचा टर्पेंटाईनने धुवावा आणि केस खाली करून टांगून ठेवावा. केसांवर उभा ठेवला की तो वाकतो आणि कायमचा जातो. जेवणापुरते काम थांबवले तर ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्या ढीग करून टाकू नयेत; त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या अंगणात पसरून वाळवाव्यात.

आमच्या त्या दोन खोल्यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. सुटलेला रंग खरवडून काढायला आम्हांला आठ दिवस लागले. मग सुपातली तीच माती आईने पुन्हा भिजवली, तीत शेण आणि कुटार मिसळले आणि भिंती लिंपल्या. वाळल्यावर पांढऱ्या मातीने पोतारायला आम्ही नवा कुंचा आणून दिला, तर तिने तो बाजूला ठेवला आणि आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला. तेव्हापासून दरवर्षी पाऊस सरला की आम्हीही तेच करतो. पुढच्या सिमेंटच्या खोल्यांना रोलर, दारांना केसांचा ब्रश, आणि मागच्या दोन खोल्यांना लुगड्याचा तुकडा. त्या भिंतींची माती पुन्हा पडलेली नाही.