सावडीतलं यंत्र

एका बैलाचा धनी शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावतो आणि दोघांची शेतं आळीपाळीने नांगरली जातात, ती सावड. चाकण एमआयडीसी ज्या खेड तालुक्यात वसली, तिथल्या जुन्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला मात्र कुणी सावड म्हणत नाही; प्रदर्शनं भरण्याची जागा एवढीच त्याची शहरात ओळख. केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नयन योजनेतून, मराठा चेंबर आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सहभागाने उभी राहिलेली ही संस्था खरं तर लघुउद्योजकांचं सामाईक अवजारघर आहे.

भोसरी-तळवड्याच्या शेडमध्ये संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र असतं, व्हर्निअर-मायक्रोमीटर तर असतातच. सहसा नसतं ते सीएमएम : ग्रॅनाइटच्या पाटावरच्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, प्रोब टेकवत तिन्ही अक्षांवर मायक्रॉनमध्ये मोजणारं यंत्र. त्याची खोली 20 अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी लागते, कारण तापलेलं पोलाद किंचित फुगतं नि माप खोटं ठरतं. नव्या जॉबचा पहिला पीस तपासला की छोट्या कारखान्याला ते पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. त्यासाठी लाखोंचं कर्ज कोण काढेल? रोजचा पाना मात्र कुणी वाटून घेत नाही, घेऊही नये.

क्लस्टरमध्ये हे मोजमाप पैसे देऊन मिळतं; मग तो सहकार कसला, असं कुणी म्हणेल. पण सावडीतही हिशेब चोख असे : तुझे दोन दिवस, तर माझेही दोन. अमेरिकेतल्या बर्कलीचं सार्वजनिक ग्रंथालय 1979पासून अवजारं देतं, तेही मुदत घालूनच. आपल्या सोसायट्यांच्या ऑफिसात शिडी सापडते, ड्रिल सापडत नाही, कारण ड्रिलचं बिट मोडलं की ते कुणी मोडलं यावरून भांडण. चांगुलपणाची उणीव नसते. राखणदार आणि वही नसते.

स्पर्धकाच्या जॉबशेजारी आपलं ड्रॉइंग कोण ठेवेल, हा आक्षेप अधिक वजनदार. म्हणूनच मोजणारा तिऱ्हाईत हवा. त्याचा अहवाल मोठ्या कंपनीलाही अधिक पटतो, म्हणजे इथे यंत्राबरोबर भरवसाही भाड्याने मिळतो.

अंतराचं कोडं मात्र सुटलेलं नाही. सावड बांधाला बांध असलेल्यांत जमते. चाकणच्या व्हेंडरला एक पीस मोजायला नाशिक रस्त्याच्या कोंडीतून चिंचवड गाठावं लागतं, आणि तेवढ्यात त्याची शिफ्ट संपते.